व्हाइट हाऊसमधला काळा माणूस : एका मौनाची रोजनिशी

सत्ताधीशाच्या दालनात ज्यांची ऊठबस असते त्यांनी सत्ता गेल्यावर आठवणी लिहायच्या, हा अमेरिकेतला एक स्थिरावलेला लेखनधंदा आहे. ड्वाइट आयझेनहॉवर १९५३ ते १९६१ अशी आठ वर्षे राष्ट्राध्यक्ष होते. ते पायउतार झाल्याला पुरती तीन वर्षेही झाली नव्हती, तोच त्यांच्या घरातल्या तिघांची पुस्तके बाजारात आली. शर्मन ॲडम्स हे त्यांचे मुख्य कारभारी. त्यांचे 'फर्स्टहँड रिपोर्ट' १९६१ मध्ये. भाषणे लिहून देणारे एमेट जॉन ह्यूज यांचे 'द ऑर्डील ऑफ पॉवर' १९६३ मध्ये. आणि त्याच १९६३ मध्ये ई. फ्रेडरिक मॉरो यांचे 'ब्लॅक मॅन इन द व्हाइट हाऊस'. पहिल्या दोन पुस्तकांवाचून आयझेनहॉवर यांच्यावरचा कुठलाही जाड ग्रंथ पुरा होत नाही. तिसऱ्याचा उल्लेख झालाच तर वंशप्रश्नाच्या प्रकरणात होतो, इतरत्र नाही. गावाच्या रचनेत आपली वस्ती जिथे असते तिथेच ती ग्रंथाच्या रचनेतही असते, याचे आता नवल वाटू नये.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे आहे की, आयझेनहॉवर यांची नेतृत्वाची रीत आणि त्यांची बोलण्याची रीत समजून घ्यायची असेल तर या तिघांतले तिसरे पुस्तक पहिले वाचावे. नेता कसा बोलतो हे त्याच्या भाषणाच्या लेखनिकाला कळते. नेता कुठे बोलत नाही, हे ज्याच्याविषयी तो बोलत नाही त्यालाच कळते.

मॉरो यांचा जन्म १९०९ चा, न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकचा. घर धर्मोपदेशकाचे, शिक्षणाची ओढ असलेले. बहीण नेली १९२२ मध्ये त्या गावातली पहिली काळी शिक्षिका झाली तेव्हा गोऱ्या पालकांनी गदारोळ केला होता. भाऊ जॉन पुढे १९५९ मध्ये नव्याने स्वतंत्र झालेल्या गिनीत अमेरिकेचा पहिला राजदूत झाला. फ्रेडरिक यांनी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेत क्षेत्र-चिटणीस म्हणून काम केले, दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात मेजरपदापर्यंत चढले, कायदा शिकले, सी.बी.एस. या नभोवाणी-दूरचित्रवाणी कंपनीत नोकरीला लागले. १९५२ च्या निवडणुकीत ते आयझेनहॉवर यांच्या प्रचाराच्या आगगाडीवर सल्लागार म्हणून चढले. निवडून आल्यावर व्हाइट हाऊसमध्ये जागा मिळेल असे त्यांना सांगण्यात आले. त्यावर विसंबून त्यांनी नोकरी सोडली. मग निरोप आला की जागा नाही. कित्येक महिने रिकामे बसल्यावर व्यापार खात्यात एक पद मिळाले. १९५५ च्या जुलैत शेवटी व्हाइट हाऊसचे दार उघडले आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात अधिकारी म्हणून काम करणारा पहिला काळा माणूस असे त्यांचे नाव इतिहासात लागले. पदाचे नाव मोठे : 'विशेष प्रकल्पांचे प्रशासकीय अधिकारी'. प्रत्यक्षात वाट्याला आले ते कचेऱ्यांच्या खोल्यांचे आणि मोटारी उभ्या करण्याच्या जागांचे वाटप. बरोबरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे शपथविधी थाटात होत. मॉरो यांना रीतसर शपथ मिळाली ती १९५९ मध्ये, कामावर रुजू झाल्यानंतर साडेतीन वर्षांनी.

रोजनिशीतला एक प्रसंग मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही. मॉरो यांना खोली मिळाली, टेबल मिळाले, स्टेनो मिळेना. स्टेनोंच्या ताफ्यातली एकही मुलगी काळ्या माणसाच्या हाताखाली बसायला तयार नव्हती. अखेर एक तरुण मुलगी दारात येऊन उभी राहिली. ती मॅसॅच्युसेट्सची, कॅथलिक पंथाची. आपला धर्म असे वागू देत नाही, म्हणून मी आले, असे तिने सांगितले आणि सांगताना तिला रडू कोसळले. पुढे इतर मुली कामासाठी आल्या तरी एकटी कोणी येत नसे, दोघीदोघींनी येत. गावगप्पांना जागा राहू नये म्हणून. जगातल्या सर्वांत बलाढ्य सत्तेच्या कचेरीत हा सोवळ्याचा प्रकार! आपल्याकडे कचेरीत पाण्याचा माठ वेगळा ठेवणारे कारकून आणि हे, यांत अंतर समुद्राचे आहे, मनाचे नाही.

परंतु या प्रसंगाची गंमत निराळीकडे आहे. मॉरो तो सांगतात आणि पुढे जातात. राष्ट्राध्यक्षांना यातले काय ठाऊक होते, त्यांनी एक शब्द टाकला असता तर काय झाले असते, हा प्रश्न रोजनिशीत उमटत नाही. लष्करात पाच तारे लावलेला सेनापती, ज्याच्या एका हुकुमाने १९४४ च्या जूनमध्ये लाखोंचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, त्याच्या घरात एका अधिकाऱ्याला स्टेनो मिळत नाही. याचा अर्थ लावल्याशिवाय नेतृत्वाच्या रीतीविषयी बोलणे म्हणजे ढोल वाजवणे होय.

आयझेनहॉवर यांच्या कारभाराची घडण लष्करी होती. कागद खालून वर जायचा तो ॲडम्स यांच्या चाळणीतून. मोठ्या प्रश्नाचे टिपण एका पानात बसवून हवे असे. मंत्रिमंडळाच्या बैठकीला सचिव नेमण्याची पद्धत त्यांनीच सुरू केली. जेम्स हॅगर्टी हा कसलेला वार्ताहर त्यांचा प्रसिद्धी-सचिव; त्याच्या पुढाकाराने १९५५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांची पत्रकार परिषद प्रथमच चित्रित होऊन दूरचित्रवाणीवर दिसली. अप्रिय बातमी हॅगर्टीच्या तोंडून जावी आणि प्रिय बातमी राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून, अशी वाटणी. पत्रकार परिषदेतली त्यांची उत्तरे अडखळती, गुंतागुंतीची, व्याकरणाशी फटकून असत, आणि शहाणी वर्तमानपत्रे त्याची टर उडवीत. पण १९५५ च्या मार्चमध्ये फॉर्मोसाच्या सामुद्रधुनीवर युद्धाचे ढग असताना, अणुबॉम्बविषयी विचारले तर काय सांगणार या चिंतेत हॅगर्टी होता. तेव्हा, प्रश्न आलाच तर मी त्यांचा गोंधळ उडवून देईन, अशा अर्थाचे सांगून राष्ट्राध्यक्षांनी त्याला निर्धास्त केले. ही हकीगत आयझेनहॉवर यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. फ्रेड ग्रीनस्टाइन या राज्यशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये 'द हिडन-हँड प्रेसिडेन्सी' हा ग्रंथ लिहून दाखवून दिले की, हा गोंधळ अजाण नव्हता. पडद्याआडून सूत्रे हलवायची, समोर भोळे आजोबा दिसायचे, ही योजनाबद्ध रीत होती. तेव्हापासून विद्वानांत आयझेनहॉवर यांचा भाव वधारला तो आजतागायत उतरलेला नाही.

ग्रीनस्टाइन यांचे म्हणणे मान्य करू. मग प्रश्न अधिकच बिकट होतो. ज्याला बोलता येत नाही त्याचे मौन समजून घेता येते. ज्याला केव्हा काय बोलावे आणि केव्हा शब्दांचा चिखल करावा याचे पक्के भान आहे, त्याचे मौन हे धोरण ठरते. चीनला संभ्रमात ठेवण्यासाठी वापरलेले हत्यार आपल्याच देशातल्या काळ्या नागरिकांच्या बाबतीत वापरले गेले, हे मॉरो यांच्या रोजनिशीतून पानापानांवर जाणवते. मॉरो तसे म्हणत नाहीत. वाचणाऱ्याने म्हणायचे.

२८ ऑगस्ट १९५५. मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या शिकागोच्या मुलाला घरातून उचलून नेऊन मारण्यात आले. सप्टेंबरात गोऱ्या ज्यूरीने मारेकऱ्यांना सोडले. त्या मुलाच्या आईने राष्ट्राध्यक्षांना तार केली होती. उत्तर गेले नाही. मॉरो व्हाइट हाऊसमध्ये येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. वर्षअखेरीस त्यांनी टिपणे लिहून कळवले की देशभरचा काळा समाज संतापाने धुमसतो आहे, सरकारकडून कोणीतरी बोलले पाहिजे, निदान काळ्या पुढाऱ्यांना बोलावून घेतले पाहिजे. मंत्रिमंडळाचे सचिव मॅक्सवेल रॅब यांच्याकडे अल्पसंख्याकांचे प्रश्न होते. ते स्वतः ज्यू. त्यांनी मॉरो यांना बोलावले आणि झाडले. सरकारने इतके केले, पण काळ्यांच्या तोंडी कृतज्ञतेचा शब्द नाही, त्यांची भाषा आक्रमक, मागण्या अवाजवी, असा एकूण सूर. हे बोलणे वाचताना आपल्या कानात आपल्या मातीतले किती आवाज घुमतात! सवलती दिल्या, शिष्यवृत्त्या दिल्या, जागा राखून ठेवल्या, तरी हे लोक नाराजच. उपकाराची भाषा जगभर एकाच व्याकरणाने चालते. मॉरो यांनी ते बोलणे रोजनिशीत उतरवून ठेवले, आणि त्यांनी दुसरे काहीही लिहिले नसते तरी एवढ्यासाठी पुस्तक जपून ठेवण्याजोगे झाले असते.

१७ मे १९५४ चा ब्राऊन खटल्याचा निकाल हा या सगळ्याचा कणा. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. निकाल योग्य की अयोग्य हे राष्ट्राध्यक्षांनी आठ वर्षांत एकदाही जाहीरपणे सांगितले नाही. कायदा आहे, तो पाळला जाईल. माझे मत काय हा मुद्दा नाही, ही त्यांची ठरलेली भूमिका. १९५७ च्या जुलैत पत्रकार परिषदेत ते म्हणून गेले की निकाल अमलात आणण्यासाठी संघराज्याचे सैन्य पाठवावे लागेल अशी परिस्थिती आपल्या कल्पनेतच येत नाही. दक्षिणेतल्या गव्हर्नरांनी त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. दोन महिन्यांत आर्कन्सॉच्या ऑर्व्हल फॉबसने लिटल रॉकच्या शाळेच्या दारात नऊ काळ्या मुलांपुढे राज्याचे सैनिक उभे केले आणि २४ सप्टेंबरला आयझेनहॉवर यांना १०१ व्या हवाई पलटणीचे जवान धाडावे लागले. त्या रात्रीचे त्यांचे भाषण ऐकणाऱ्याला कायद्याची प्रतिष्ठा कळली, झुंडशाहीचा धोका कळला, साम्यवादी देशांत अमेरिकेची होणारी नाचक्कीही कळली. त्या नऊ मुलांचा त्या शाळेत बसण्याचा अधिकार न्याय्य आहे, एवढे एक वाक्य त्यात नव्हते. बंदुका पाठवल्या, शब्द राखून ठेवला.

इथे दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. ह्यूज सांगतात की, खाजगीत आयझेनहॉवर यांनी आपल्याला सांगितले, या निकालाने दक्षिणेतली प्रगती निदान पंधरा वर्षे मागे गेली. मॉरो यांची एक आठवण याच्या नेमकी उलट दिशेची आहे. १९४८ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना जनरल आयझेनहॉवर यांनी लष्करातल्या लहान तुकड्यांत काळे-गोरे वेगळे ठेवण्याची बाजू घेतली होती. १९५२ च्या प्रचारात मॉरो यांनी त्याबद्दल त्यांना थेट विचारले. सेनापतीने सांगितले की आपण आपल्या हाताखालच्या सेनाधिकाऱ्यांची मते विचारली, त्यांत दाक्षिणात्य बरेच होते, आणि आपण त्यापुढे विचार केला नाही. मग त्यांनी मॉरो यांना, तुमचे वडील धर्मोपदेशक ना, त्यांनी क्षमेबद्दल काही शिकवले असेल, असे म्हणून एका परीने क्षमाच मागितली. मॉरो विरघळले. माणूस म्हणून कोणीही विरघळला असता.

गोऱ्या लेखनिकाजवळ एक बोलणे, काळ्या सल्लागाराजवळ दुसरे. दोन्ही बोलणी प्रामाणिक असतील, हेही मी मानायला तयार आहे. पण दोन्ही बोलणी दाराआडची. चारचौघांत बोलायची वेळ आली की दोन्ही गळून पडतात आणि उरते ते धीर धरा. मॉरो यांना मिळालेली क्षमायाचना जाहीर सभेत मिसिसिपीच्या एखाद्या शेतमजुराच्या कानावर पडली असती तर तिला राजकीय मोल आले असते. खाजगीत ती फक्त मॉरो यांना बांधून घेण्यापुरती उपयोगी पडली. असा हेतू होता असे नाही. परिणाम मात्र तोच झाला. पुढची नऊ वर्षे हा माणूस त्या एका संभाषणाच्या ऋणात राहिला, असे रोजनिशी वाचून वाटत राहते.

धीर धरा हे मी कल्पनेने म्हटलेले नाही. १२ मे १९५८ रोजी वॉशिंग्टनमध्ये काळ्या वृत्तपत्रांच्या चालकांनी काळ्या पुढाऱ्यांचा मेळावा भरवला. राष्ट्राध्यक्षांनी तिथे यावे म्हणून मॉरो यांनी किती काळ खटपट केली होती. ते आले आणि त्यांनी संयम आणि सहनशीलता यांचा उपदेश केला. कायद्याने सगळे होत नाही, माणसाचे अंतःकरण बदलावे लागते, हेही सांगितले. समोर ज्यांनी आयुष्यभर संयमाखेरीज दुसरे काही केले नव्हते अशी माणसे बसलेली! बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन तेव्हा श्रोत्यांत होता. त्याने दुसऱ्याच दिवशी पत्र लिहून राष्ट्राध्यक्षांना कळवले की आम्ही जगातले सर्वांत सहनशील लोक आहोत आणि आणखी किती वाट पाहायची ते सांगा. मॉरो यांचे सगळे बळ ओसरले. या सभेची रोजनिशीतली नोंद पुस्तकातल्या सर्वांत उघड्या, सर्वांत दुखऱ्या नोंदींपैकी आहे. अंतःकरण बदलण्याची वाट पाहा हा उपदेश आपण १९३२ पासून ऐकत आलो आहोत, तेव्हा त्यावर जास्त शाई खर्च करण्याचे कारण नाही.

या सभेनंतर सहा आठवड्यांनी, २३ जून १९५८ रोजी, आयझेनहॉवर पहिल्यांदा काळ्यांच्या राष्ट्रीय पुढाऱ्यांना भेटले. मार्टिन ल्यूथर किंग, ए. फिलिप रँडॉल्फ, रॉय विल्किन्स, लेस्टर ग्रेंजर. भेट घडवण्यात मॉरो आणि रोको सिसिलियानो यांचा हात होता. नऊ मागण्यांचे निवेदन वाचले गेले. ग्रेंजर यांनी काळ्या समाजात वाढलेल्या कडवटपणाचा उल्लेख केला. त्यावर राष्ट्राध्यक्ष उद्गारले की साडेपाच वर्षे आपण एवढे केले आणि तरीही कडवटपणा शिगेला पोहोचला असेल, तर आणखी काही केल्याने तो आणखीच वाढेल काय, असा प्रश्न पडतो. पाहुण्यांना घाईघाईने सांगावे लागले की कडवटपणा तुमच्याविषयी नाही. भेट तासाभराच्या आत आटोपली. दुखणाऱ्याने वैद्याची समजूत काढायची, असा हा देखावा. नेतृत्वाच्या रीतीवर चार प्रकरणे लिहिली तरी या एका संवादाइतके हाती लागणार नाही. गृहस्थ दुष्ट नव्हता. आपल्या कृतीचे मोजमाप तो समोरच्याच्या कृतज्ञतेने करीत होता, आणि रॅब यांनी मॉरो यांना जे झाडले होते त्याचे मूळ इथे, वरच्या मजल्यावर होते.

न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. १९५७ चा नागरी हक्क कायदा हा १८७५ नंतरचा पहिला. तो याच कारकिर्दीतला. राजधानीतली हॉटेले आणि सैन्यातल्या उरल्यासुरल्या वेगळ्या तुकड्या यांतला भेद याच वर्षांत संपला. अर्ल वॉरन यांना सरन्यायाधीश नेमणारे आयझेनहॉवरच. डेव्हिड निकोल्स यांनी २००७ मध्ये 'अ मॅटर ऑफ जस्टिस' या ग्रंथात हा सगळा जमाखर्च मांडून राष्ट्राध्यक्षांची बाजू लढवली आहे आणि तीतला कृतीचा भाग नाकारता येत नाही. पण निकोल्स कृती आणि वाणी यांना वेगवेगळ्या खात्यांत टाकतात. राष्ट्राध्यक्षाची वाणी हीच त्याची एक कृती असते. फॉबस हे जाणून होता. टिलची आईही जाणून होती, म्हणून तिने तार केली.

आता पुस्तकाकडे पुस्तक म्हणून. वाङ्मय म्हणून ते उणे आहे, हे कबूल केले पाहिजे. रोजनिशीचा आकार लेखकाला आडोसा देतो : आज हे घडले, उद्या ते, दोन नोंदींच्या मधला अर्थ कुणी लावायचा? वाक्ये कचेरीच्या टिपणासारखी ताठ. राग येतो तेव्हा तो ॲडम्सवर नाही, रॅबवर थोडा, अनाम कर्मचाऱ्यांवर पुष्कळ, आणि राष्ट्राध्यक्षांवर जवळजवळ नाहीच. ह्यूज या गोऱ्या माणसाने, ज्याला आयझेनहॉवर यांच्याकडून मानच मिळाला होता, त्याने त्यांच्या निष्क्रियतेवर कडक टीका केली, आणि ती करण्याची त्याला काही किंमत मोजावी लागली नाही. ज्याला स्टेनो मिळाली नाही, शपथ मिळाली नाही, तो मॉरो निष्ठेने लिहितो. हे उफराटे का? भिऊन, असे उत्तर सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. ह्यूज लिहितो तेव्हा तो एकटा ह्यूज असतो. मॉरो लिहितात तेव्हा त्यांच्या मागे पुढचा प्रत्येक काळा उमेदवार उभा असतो, आणि पहिला माणूस कृतघ्न निघाला असे म्हणून दार लावले जाईल याची त्यांना जाण असते. पहिलेपणाचे हे ओझे आपल्या पहिल्या मामलेदारांना, पहिल्या प्राध्यापकांना विचारा.

काळ्या वर्तमानपत्रांनी मॉरो यांना गोऱ्यांच्या घरचा शोभेचा माणूस ठरवले. सरकारने त्यांना गावोगाव काळ्या श्रोत्यांपुढे सरकारची वकिली करायला पाठवले. दोन्हीकडून मार. आपल्याकडे 'दलित ब्राह्मण' हा शब्द 'बलुतं'च्या पिढीपासून सर्रास फेकला जातो आणि पुष्कळदा तो योग्य जागी लागतो. मॉरो यांना तो लावायला मी तयार नाही. विकलेला माणूस टिलविषयी टिपणे लिहीत नाही. त्यांचे उणेपण निराळे आहे आणि ते सांगण्यासाठी आपल्याच घरातला एक दाखला घ्यावा लागतो.

२७ सप्टेंबर १९५१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला त्यांना संसदेत निवेदन करायचे होते, त्याची प्रत आधी द्या असा आग्रह झाला, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले. तेही एका आतल्या माणसाने एका नेत्याच्या कारभाराच्या रीतीविषयी सांगितलेले आहे. मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर आपल्याला कसे घेतले गेले नाही, अनुसूचित जातींकडे कसे दुर्लक्ष झाले, हिंदू कोड बिल कसे मारले गेले, हे तारखा-तपशिलांसह. थोडी पाने. मॉरो यांच्या संपूर्ण रोजनिशीत जी गोष्ट नाही ती या पानांत आहे : दार बंद करून निघून येण्याची वेळ कोणती, याचे भान. बाबासाहेबांनी नेत्याचे शब्द आणि त्याची कृती यांतले अंतर मोजले आणि ते अंतर सत्तेत असतानाच जाहीर केले. मॉरो यांनी ते मोजले, वहीत लिहिले, आणि वही सत्ता गेल्यावर उघडली. तुलना अन्यायाची आहे, असे कोणी म्हणेल. एकाच्या मागे चळवळ होती, पक्ष होता, अफाट विद्वत्ता होती. दुसरा नेमलेला नोकर. खरे आहे. म्हणूनच तर मला प्रश्न व्यक्तीचा वाटत नाही. ज्याच्या मागे संघटित समाज नाही अशा माणसाला सत्तेच्या खोलीत बसवले की त्याच्या वाट्याला मोटारी उभ्या करण्याच्या जागांचे वाटप येते. मॉरो यांनी एन.ए.ए.सी.पी. सोडून किती वर्षे झाली होती, हे मोजावे.

१९६० च्या प्रचारात मॉरो निक्सन यांच्याबरोबर होते. १९५७ च्या मार्चमध्ये घानाच्या स्वातंत्र्यसोहळ्याला निक्सन यांच्यासोबत गेल्यापासून त्यांचा या माणसावर भरवसा. ऑक्टोबरात जॉर्जियात किंग यांना तुरुंगात टाकले, तेव्हा मॉरो यांनी निक्सन यांनी बोलावे म्हणून विनवले, तारेचा मसुदाही करून दिला. तो प्रसिद्धी-सचिवाच्या खिशात गेला. केनेडी यांनी किंग यांच्या पत्नीला दूरध्वनी केला. गॅलपच्या पाहणीप्रमाणे १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांना काळ्यांची सुमारे ३९ टक्के मते होती, १९६० मध्ये निक्सन यांना ३२ टक्के. साऱ्या देशात हारजीत सव्वा लाख मतांच्या आतली.

१९६१ च्या जानेवारीत व्हाइट हाऊस रिकामे होऊ लागले. प्रत्येकाला कुठे ना कुठे मोठी नोकरी लागली, मॉरो यांना नाही. निरोप घ्यायला गेले तेव्हा आयझेनहॉवर यांनी सांगितले की आपण आपल्या धनिक मित्रांकडे शब्द टाकून पाहिला, पण कोणी तयार नाही. पुन्हा खाजगीत, पुन्हा कळवळ्याने. १९६४ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने त्यांना घेतले आणि पुढे ते त्या बँकेचे पहिले काळे उपाध्यक्ष झाले. १९८० मध्ये त्यांनी 'फॉर्टी इयर्स अ गिनी पिग' या नावाने आणखी आठवणी लिहिल्या. चाळीस वर्षे प्रयोगाचा प्राणी! १९६३ च्या मॉरो यांच्या लेखणीतून हे नाव उतरले नसते.

'ब्लॅक पँथर'वरून १९७२ मध्ये आपण नाव घेतले. काळ्यांच्या कविता, कादंबऱ्या, जाहीरनामे यांच्याविषयी आपल्याकडे लिहिले गेले, ते रास्तच. पण पँथरच्या आधीची ही पांढरा सदरा घातलेली, खाली मान घालून टिपणे लिहिणारी पिढी आपल्या वाचनातून निसटली आहे. हे पुस्तक कोणी मराठीत आणणार असेल तर दौऱ्यांची, मेजवान्यांची आणि भाषणांची पाने खुशाल कमी करावीत. स्टेनोची नोंद, रॅब यांच्या झाडण्याची नोंद आणि १२ मे १९५८ ची नोंद यांतला मात्र एक शब्दही गाळू नये.